हे दूध किती देतंय?

अर्धापुरात माणूस जे पाळतो त्याचा हिशेब ठेवतो. म्हैस दुधावर, बैल औतावर, कोंबडी अंड्यावर. केळीचं झाडसुद्धा घड उतरला की बुडातून कापतात, सावलीला असू दे म्हणून कुणी ठेवत नाही. अशा गावात वीतभर उंचीची चार कुत्री बाळगायची म्हणजे रोज कुणाला तरी जाब द्यावा लागतो. त्यातला सगळ्यात अवघड जाब जनावरांच्या दवाखान्यात. तिथं शेजारी बसलेल्याला वेळ भरपूर असतो आणि म्हैस आजारी असल्यामुळे तो आधीच चिडलेला असतो.

वर्षातून एकदा रेबीजची लस टोचायला आमची वरात निघते. ऑटोवाला आधी चौघांकडे बघतो, मग माझ्याकडे.

"सीटा किती धरायच्या?"

"एकच. ती मांडीवर बसतात."

"चौघंबी? एका मांडीवर?"

घासाघीस होऊन अडीच सीटांवर मिटतं. वरची अर्धी सीट चौघांतल्या मॅक्सच्या लांबीची.

दवाखान्याच्या आवारात जनावर अडकवायचा लोखंडी खोडा आहे. त्यात भलीथोरली म्हैस उभी केली तर तिला मान वळवता येत नाही. टफी त्याच्या खालच्या दांडीखालून आरपार गेली, पलीकडून वळून परत आली आणि खेळ आवडला म्हणून पुन्हा गेली. ओट्यावर बसलेला एक शेतकरी हे सगळं शांतपणे बघत होता.

"हे काय हाय वो?"

"कुत्रं."

"हे?" त्यानं पुन्हा खात्री करून घेतली. "आन् ते केसवालं?"

"तेही कुत्रंच."

त्यानं थोडा विचार केला. "दूध किती देतंय?"

"काही देत नाही."

"राखण?"

नेमकी तेव्हाच त्याची म्हैस फुरफुरली. चारही जणांनी एकदम माझ्या पायांमागे आसरा घेतला. पाय दोनच असल्यामुळे जागेवरून त्यांच्यात मारामारी झाली आणि ती बघितल्यावर राखणीचा प्रश्न त्यानं स्वतःच मागे घेतला.

"मंग कामून पोसूलालाव?"

"माझी नाहीत ती," मी म्हणालो.

हे उत्तर आमच्या घरातलं प्रत्येक जण देतं आणि कागदोपत्री ते खरंही आहे. हळदीची आवक मार्चच्या सुमारास सुरू होते, आमच्या घरी कुत्र्यांची आवक बारमाही आहे. पण यातलं एकही कुत्रं आम्ही आणलेलं नाही. टफी माझ्या लातूरच्या मेहुणीची. ती फ्लॅटमध्ये राहायला गेली तेव्हा 'दिवाळीपुरती ठेवा' म्हणून सोडून गेली. कुठली दिवाळी ते बोलण्यात आलं नव्हतं. ब्रुनो हैदराबादच्या पुतण्याचा. 'काका, परदेशात चाललोय, आलो की नेतो' म्हणाला होता. तो आला, त्याचं लग्न झालं, बारसंही जेवून आलो आम्ही. बारशाला त्यानं सगळ्यांची चौकशी केली, आमच्या बोअरला पाणी किती आहे हेसुद्धा विचारलं, ब्रुनोचं मात्र नाव काढलं नाही. मॅक्स हा वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा. ते बँकेत साहेब होते. बदली झाली, 'नवी जागा मिळेपर्यंत' म्हणाले. हप्ता एक दिवस चुकला तर ज्यांच्याकडून फोन येतो, त्यांच्याकडून कुत्र्याबद्दल फोन यायची मी अजून वाट बघतोय. आणि कोको आमच्या पुण्याच्या चिरंजीवांची. "पप्पा, दोनच दिवस."

पुण्या-हैदराबादला गेलेली पोरं नातवंडं आजी-आजोबांकडे सोडतात असं मी ऐकून आहे. आमच्या वाट्याला आधी कुत्री आली.

सोडताना प्रत्येकानं कुत्र्याची वंशावळ मात्र न चुकता सांगितली, म्हणजे आपण ऐरंगैरं जनावर सांभाळत नाही याचं आम्हाला समाधान असावं. टफी म्हणे राणी व्हिक्टोरियाच्या घराण्यातली. गोष्ट अर्धी खरी आहे. राणीबाईंनी १८८८ साली इटलीतल्या फ्लॉरेन्सहून पामेरियन कुत्री आणली, लहानातली लहान निवडून वाढवली आणि १९०१ मध्ये त्या वारल्या तेव्हा टुरी नावाचं त्यांचं लाडकं कुत्रं बिछान्यावर होतं. फक्त टफीचा त्या घराण्याशी सोयरसंबंध नाही. आपल्याकडे पामेरियन म्हणून जी पांढरी कुत्री दिसतात ती बहुतेक भारतीय स्पिट्झ जातीची. इथल्या उन्हाला टिकतात, वरणभात खातात आणि राजघराण्याबद्दल विचारलं तर नाही म्हणत नाहीत. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला, त्यातल्या टफीनं चिठ्ठी पोचवून लग्न जुळवलं आणि तेव्हापासून मराठवाड्यातल्या यच्चयावत पांढऱ्या कुत्र्यांचं नाव टफी ठेवायचं ठरून गेलं. आमच्या टफीच्या तोंडी चिठ्ठी दिली तर ती पोचत नाही, पचते. विम्याच्या हप्त्याची सूचना, एक सातबारा आणि साखरपुड्याच्या दोन पत्रिका आतापर्यंत पचल्या आहेत.

ब्रुनो जातीचा पग. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत पोराच्या मागे मागे जाणारं कुत्रं होतं ना, तीच जात. ब्रुनो जाहिरात तंतोतंत पाळतो. मी मोटार चालू करायला गेलो की मागे, गच्चीवर गेलो की मागे, न्हाणीघरात गेलो की दाराच्या फटीतून त्याचं चपटं नाक आत आणि आपण त्याला फसवून इथं दडून बसलोय अशा अर्थाचे उसासे. जाहिरातवाल्यांनी हा भाग कापला असावा.

घरात खरी सत्ता आईची. तिचा कायदा एकच, कुत्र्यानं स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही. हा कायदा तिनं पहिल्या दिवशी टफीला मोठ्यानं सांगितला आणि पुढच्या तिघांना टफीनं सांगितला असावा, कारण चौघंही सकाळी उंबरठ्याच्या अलीकडे ओळीनं बसतात. भाकरी थापल्याचा आवाज आला की ओळ पुढे सरकते. चार जोड्या पंजे, नखं बरोबर लाकडाला टेकलेली, आत एक सूतही नाही. पण ब्रुनोला मान फार वेळ उचलून धरवत नाही. त्यानं एके दिवशी हनुवटी उंबरठ्यावर ठेवली. झालं. हनुवटी उंबरठ्यावर म्हणजे कुत्रं आत की बाहेर? बायको म्हणाली, आत. मी म्हणालो, धड बाहेर आहे. आईनं परातीतलं पीठ हातावरनं झटकलं आणि निकाल दिला, "हनुवटी म्हणजे काही कुत्रं नव्हे."

तेव्हापासून चौघांच्याही हनुवट्या उंबरठ्यावर असतात. मॅक्स डॅशहाउंड. त्याच्या अंगात लांबी भरपूर आणि उंची नाही, म्हणून आई त्याला पडवळ म्हणते. त्याची हनुवटी छातीपर्यंत आत येते. तोही वाद आईकडे गेला होता. "त्याला देवानंच तसं केलंय," असं म्हणून तिनं भाकरीचा तुकडा तुपात बुडवला आणि त्याच्या तोंडात दिला. त्यालाच पहिला दिला, कारण तो सगळ्यात जवळ होता. आणि तरीही कुणी आलं की आई सांगते, "मला बाई कुत्र्यांची अजिबात हौस नाही."

हा तुपाचा प्रकार आमच्या भागातलाच म्हणायचा. आमच्याच रस्त्यानं पुढे हिंगोली आणि तिथून नर्सी, नामदेव महाराजांचं गाव. कुत्र्यानं भाकरी पळवली तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. मीही या चौघांच्या मागे रोज धावतो. माझ्या हातात वाटी नसते, त्यांच्या तोंडात माझी चप्पल असते.

दर गुरुवारी मात्र त्यांची बढती होते. माहूर आमच्याच नांदेड जिल्ह्यातलं, त्यामुळे दत्त महाराजांवर आईचा हक्क जरा जास्तच आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री म्हणजे चार वेद, आणि आपल्याही दारात बरोबर चार. गुरुवारी चौघांना पेढा मिळतो. गल्लीतल्या दोन मावश्या तर यांना पेढा घालायला मुद्दाम येतात, वाकून हात जोडतात आणि निघताना हळूच मला विचारतात, "चावत नाही ना वो?" वेदाला हा प्रश्न विचारलेला मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही. एका गुरुवारी पेढा संपल्यावर कोकोनं एका मावशीच्या पिशवीतला कोथिंबिरीचा गड्डा ओढून काढला. तेव्हापासून मावश्या पिशवी फाटकाला अडकवून आत येतात.

मे महिन्यात नांदेडकडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो. माणूस, म्हैस, केळी, सगळे माना टाकतात. पगचं तोंड चपटं, त्याला धापा टाकून अंग नीट थंड करता येत नाही, त्याला उन्हात ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. मग कूलर ब्रुनोपुढे आला. मी कूलर आणि ब्रुनो यांच्यामध्ये बसून बघितलं. ब्रुनो उठला, वळसा घालून माझ्या पुढे आला आणि पाठ करून बसला. आता कूलर, मग ब्रुनो, मग उरलेली तिघं, मग आई, बायको आणि सगळ्यात शेवटी, जिथं नुसता आवाज येतो तिथं, मी. लाइट गेली की मात्र क्रम बदलतो. वर्तमानपत्रानं वारा घालायला मी पहिला.

ब्रुनो घोरतो. पग घोरतातच, पण हा खर्जात घोरतो. दुपारी पाहुणे आले की बैठकीत सोफ्यामागून तो आवाज येतो. पाहुणे आधी इकडेतिकडे बघतात, मग हसू दाबून बायकोला म्हणतात, "झोपू द्या त्यांना, उठवू नका." मी पाण्याचा तांब्या घेऊन आतून बाहेर येतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते बघण्यासारखं असतं. एका व्याह्यांनी तर मला बघून नमस्कार केला आणि आवाज काही थांबेना तेव्हा खालच्या आवाजात विचारलं, "आत अजून कुणी आजारी आहे का?"

पण यंदाचा कहर हळदीचा.

केळीबरोबर आमच्या भागात हळद भरपूर. शेजाऱ्यांनी ती शिजवली, अंगणात वाळवली आणि पॉलिशचा ड्रम लावला. वाळलेली हळकुंडं त्यात घालून फिरवली की वरची साल आणि खरबरीतपणा निघून जातो आणि ड्रमखाली पिवळ्याजर्द भुकटीचा ढीग पडतो. मऊ, ऊन ऊन. टफी आणि कोको फाटकाच्या फटीतून गेल्या आणि त्या ढिगात दुपारभर झोपल्या. परत आल्या तेव्हा पांढरं म्हणावं असं त्यांच्या अंगावर काही उरलं नव्हतं. डोळे, नाक आणि जीभ सोडून सगळं पिवळं. गल्लीतून एक जण मोटारसायकलवरून जाता जाता थांबला.

"लग्न कुणाचं हाय वो?"

बायको म्हणाली, साबणानं जाईल. हातात आला तो कपड्यांचा साबण. शाळेत शिकलेली एक गोष्ट त्या वेळी आमच्या दोघांच्याही लक्षात आली नाही. हळदीला आम्लारी पदार्थ लागला की ती लाल होते. कुंकू करतात ते असंच, हळदीत चुना घालून. साबण लावला आणि टफी पाठीवर लालभडक व्हायला लागली. आम्ही घाबरून आणखी साबण लावला. पाणी ओतलं तेव्हा पोटाकडून पिवळी आणि पाठीकडून लाल अशी कुत्री उभी राहिली आणि तिनं अंग झाडलं. भिंत, बायकोची साडी, माझं बनियन, दोरीवरचे कपडे, सगळ्यांना सारखा वाटा मिळाला.

आई आवाज ऐकून बाहेर आली. तिनं टफीला वरून खालून बघितलं. "हळद झाली, कुंकू झालं," ती म्हणाली, "आता वाण काय देणार?"

हळदीचा रंग उन्हानं उडतो, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. हळदीवाल्यांचा शब्द, तो खरा असणारच. म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात दोघींना गच्चीवर बसवून मी पहाऱ्याला बसायचो. रंग उडायला बरेच दिवस लागले. माझाही थोडा उडाला.

कोकोचे केस हा वेगळाच विषय. शिह त्झू जातीच्या कुत्र्याचे केस माणसासारखे वाढतच जातात, डोळ्यांवर येतात, आणि मग ती टेबलाच्या पायाला घरातला माणूस समजून शेपटी हलवते. आई तिला खोबरेल लावून वेणी घालते. तरी उन्हाळ्याआधी कापावेत म्हणून माझ्या नेहमीच्या न्हाव्याला घरी बोलावलं. त्यानं कोकोभोवती एक फेरी मारली.

"पुढचा भाग कुठला?"

मी दाखवला.

"दाढीबी करायची का?"

त्यानं कापले छान. फक्त त्याच्या हाताला एकच वळण आहे, त्यामुळे आता मागून बघितलं तर मी आणि कोको सारखे दिसतो. हे बायकोचं म्हणणं. मी तिला पुढून बघायला सांगितलं, तर तिनं उत्तर द्यायचं टाळलं.

मॅक्सबद्दल फार बोलत नाही, कारण विषय निघाला की ठिबकवाला आठवतो. डॅशहाउंड ही जात जर्मनीत बॅजर नावाच्या जनावराला बिळात शिरून बाहेर काढण्यासाठी तयार केलेली. अर्धापुरात बॅजर नाही. पण रक्तातलं शिक्षण वाया जात नाही. मॅक्सला केळीच्या बागेत नेलं तर तो ओल लागेल तिथं उकरतो, आणि ओल असते ठिबकच्या नळीखाली. एकदा तिसऱ्या ओळीत गुडघाभर पाणी साचलं. मी गड्याला म्हणालो, उंदरांनी नळ्या कुरतडलेल्या दिसतात, औषध टाकावं लागेल. तो म्हणाला, "मालक, उंदीर हितं शेपूट हलवत उभा हाय."

राखणीचं त्या शेतकऱ्यानं विचारलं होतं, तर राखण ही मंडळी करतात. कचऱ्याच्या घंटागाडीपासून, केळीच्या ट्रकपासून, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपासून आणि दूरदर्शनवरच्या घोड्यापासून ती आमचं प्राणपणानं रक्षण करतात. विशेष वैर गल्लीतल्या काळ्याशी. काळ्या हे गावठी, हाडापेरानं मजबूत कुत्रं. फाटकाबाहेर तो झोपलेला असतो आणि फाटकाच्या आतून ही चौघं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतात. फाटक नसतं तर आज काळ्याचं काय झालं असतं, असा एकंदर सूर. एकदा दूधवाला फाटक उघडं टाकून गेला. चौघंही भुंकत भुंकत फाटकापर्यंत धावली आणि मध्ये काहीच नाही हे लक्षात आल्यावर एकदम गप्प झाली. काळ्यानं एक डोळा उघडला. टफीनं जमिनीचा वास घेतला. ब्रुनोनं काहीतरी विसरल्यासारखं मागे वळून बघितलं. मग चौघंही शिस्तीत आत आली, फाटकाच्या आतल्या बाजूला आपापल्या जागी उभी राहिली आणि भुंकणं जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. आमच्या गल्लीत बांधावरची भांडणंही याच पद्धतीनं होतात, पण त्यात नावं घेण्यात अर्थ नाही.

माझ्या एका मित्राला वाटलं, एवढी जातिवंत कुत्री आहेत तर माळेगावला न्यावीत. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा म्हणजे घोडे, गाढवं, उंट यांचा मोठा बाजार, आणि तिथं श्वान प्रदर्शनही भरतं. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच, तेव्हा जागाही योग्य. मी मनात चित्र रंगवून बघितलं. एका बाजूला लातूरकडचे कारवान, सडपातळ, उंच, सशाला पळून पळून दमवणारे. त्यांच्या शेजारी पोट टेकून बसलेला ब्रुनो. परीक्षक वाकून विचारणार, हा काय करतो? मी सांगणार, मागे येतो. बेत तिथंच मोडला.

परवा चिरंजीव पुण्याहून गाडी घेऊन आले. चहा पिता पिता म्हणाले, "कोकोला न्यायला आलोय."

बैठकीत कुणी बोललं नाही. मग मीच म्हणालो, "ने बाबा. तुझीच आहे. आम्हाला काय करायचंय?"

"हो ना," बायको म्हणाली, "तेवढेच केस कमी होतील घरातले. फक्त आज नको नेऊस, आज तिला न्हाऊ घातलंय."

"मग उद्या नेतो."

"उद्या चतुर्थी," आई आतून म्हणाली. "उद्या दाभडला जायचं, सत्यगणपतीला."

"कोकोला?"

"मला. पण घरात कुणी नको का?"

चतुर्थीनंतर शनिवार होता. त्यानंतरच्या दिवशी ऊन फार असणार होतं, आणि गाडीत एसी असतो हे त्यानं सांगितल्यावर बायकोनं एसीनं सर्दी होते हे सांगितलं. मी लसीच्या कार्डावरची तारीख काढली. ती गेल्या वर्षीची होती, म्हणून परत आत ठेवली. तो प्रत्येक अडचणीला मान हलवत होता, एकदाही हुज्जत घातली नाही. मला त्याचं कौतुक वाटलं. शेवटी आई उंबरठ्यापाशी येऊन उभी राहिली. तिच्या पायाशी चार हनुवट्या ओळीनं होत्या.

"एक नेलं तर तीन राहतात," ती म्हणाली. "दत्ताला तीन कुठं असतात?"

"राहू दे मग आजी," तो समंजसपणे म्हणाला. "बघू पुढच्या वेळी."

जाताना त्याच्याबरोबर केळीच्या दोन फण्या द्याव्यात म्हणून मी गाडीची डिकी उघडली. आत कुत्र्याच्या खाण्याचं दहा किलोचं पोतं होतं. कोरं, शिवण न उसवलेलं.

"हे रे काय?"

"तुमच्यासाठीच आणलंय, पप्पा," पोतं खाली उतरवत तो म्हणाला. "दोन दिवस पुरेल."